पिकअपची ब्रेक डिस्क: घाट उतरण्याआधी बघा

माल भरण्याआधी, गाडी थंड असताना, पुढच्या चाकांच्या भोकांतून टॉर्च मारून डिस्क बघा.

१) पावसाने किंवा गाडी धुतल्यावर आलेला हलका तांबूस गंज: चार-दोन ब्रेक मारले की जातो. काळजी नको.
२) निळसर-जांभळे डाग: डिस्क जास्त तापलीय. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका, खालच्या गिअरमध्ये उतरा.
३) एकाच चाकाची डिस्क निळी: तिथला कॅलिपर अडकत असेल.
४) नखाला लागणारे चरे, करकर आवाज: पॅड संपले असतील. गाडी आधी मेकॅनिककडे न्या.
५) काठाला कड आलीय: डिस्क झिजलीय. जाडी मोजून घ्या. किमान जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते. त्यापेक्षा कमी भरली तर डिस्क बदलाच.

भरलेली गाडी थांबायला जास्त अंतर घेते, हे विसरू नका.