कुस्ती आणि शरीराचा तोल

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. अशा कारखान्यात कसलेला कामगार एखादे जड ओझे उचलतो, तेव्हा तो त्याच्या अगदी जवळ उभा राहतो, गुडघ्यांत वाकतो, पाठ सरळ ठेवतो आणि मांड्यांच्या जोरावर वर उठतो. नवखा माणूस लांबूनच कमरेत वाकून हातापाठीच्या बळावर तेच ओझे उपसू पाहतो आणि त्याची कंबर धरते. दोघांच्या ताकदीत फारसे अंतर नसेल. अंतर असते ते हालचालीच्या रीतीत. छत्तीसगडात नागपंचमीला भरणाऱ्या फडांत काय किंवा कोल्हापूरच्या खासबाग मैदानात काय, हाच भेद दृष्टीस पडतो. कुस्ती ही बळाची विद्या खरी. परंतु शरीराच्या स्वाभाविक चलनवलनाशी जुळले, तरच त्या बळाचा डाव होतो.

उभ्या माणसाचे सारे वजन एका बिंदूत एकवटले आहे अशी कल्पना केली, तर तो बिंदू साधारणतः बेंबीच्या किंचित खाली येतो. यालाच गुरुत्वमध्य म्हणतात. तेथून सोडलेला ओळंबा दोन्ही पावलांनी व्यापलेल्या जागेत पडतो, तोवर माणूस उभा राहतो. तो बाहेर गेला की कोसळतो. मल्ल पाय फाकवून गुडघ्यांत वाकतो तो याचसाठी. मात्र असा पवित्राही सर्व दिशांनी सारखा भक्कम नसतो. दोन्ही पावलांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेने रेटा दिला, तर तो सहसा ढळत नाही. त्या रेषेला काटकोनात ओढले, तर थोड्या बळानेही तोल जातो. उस्तादांनी हे गणित मांडले नसेल, पण डोळ्यांनी ते अचूक टिपले होते.

चालणे म्हणजे तरी काय? पुढे पडता पडता दर पावलाला स्वतःला सावरणे. जाणता मल्ल प्रतिस्पर्ध्याला हिसका देतो. तो सावरण्यासाठी पाऊल टाकतो आणि अंगाचा भार त्या पायावर येतो. भार पेलणारा पाय चटकन मागे घेता येत नाही. एकेरी पटाची वेळ ती हीच. क्षणभर उशीर झाला, तर तोच डाव फुकट जातो.

धोबीपछाड या नावातच त्याचे मर्म आहे. धोबी केवळ हातांनी कपडे आपटत नाही; जोर पायांतून निघतो, कंबर वळते आणि हात शेवटी येतात. मल्लही वळून आपली कंबर प्रतिस्पर्ध्याच्या गुरुत्वमध्याखाली नेतो. मग ती कंबर तरफेच्या टेकूसारखी काम करते. कंबर वरच राहिली, तर सारा भार त्याच्याच पाठीच्या कण्यावर येतो. चुकलेला डाव कुस्ती तर घालवतोच, कधी शरीरही घालवतो.

सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला सहावे आले, तेव्हा मातीत वाढलेल्या या मल्लाला गादी नवखी होती. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी ५७ किलो गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. वजनगटात प्रतिस्पर्धीही तोलामोलाचेच असतात. तेथे जाडजूड देह कामास येत नाही. खाशाबांचा हातखंडा ढाकेवर होता, आणि ढाक हा मान कवेत घेऊन कमरेच्या आधाराने फेकण्याचा डाव आहे.

म्हणून कोवळ्या पोरांना आरंभीच वजन वाढवण्याच्या नादी लावणे हितावह नाही. हौद्यातील माती उकरणे, बैठका, जोर या जुन्या मेहनतीत पाय, कंबर आणि खांदे यांना एकत्र काम करण्याचे वळण लागते. आधी पाऊल, मग कंबर, शेवटी हात, हा क्रम अंगी मुरला की बळ आपोआप वाट काढते. कारखान्यातील ओझ्याला आणि आखाड्यातील मल्लाला हलवण्याचा नियम एकच आहे. तो ओळखणारा कमी शिणतो आणि अधिक काळ टिकतो.