पुन्हा पहिल्या पायरीवरून

एखाद्या मोठ्या पेढीचा मुख्य कारभार सांभाळलेल्या गृहस्थाने वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी दुसऱ्याच्या पेढीवर मदतनीस म्हणून रुजू व्हावे, असे आपल्याकडे सहसा घडत नाही. काम करण्याची ताकद असते, पण ‘लोक काय म्हणतील’ हा विचार आड येतो. अमेरिकेतील बास्केटबॉल प्रशिक्षक एरिक मसलमन यांनी मात्र हे पाऊल उचलले. म्हणूनच त्यांची वाटचाल खेळाची आवड नसणाऱ्यांनीही जाणून घेण्याजोगी आहे.

मसलमन यांचा जन्म १९६४ साली ओहायो राज्यात झाला. वडील बिल मसलमन हे नामांकित प्रशिक्षक होते. मुलाने तोच व्यवसाय पत्करला आणि धाकट्या लीगमधील रॅपिड सिटीच्या संघापासून आरंभ केला. २००२ मध्ये ‘एनबीए’तील गोल्डन स्टेट वॉरियर्स या संघाचे मुख्य प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आले. आदल्या हंगामात ८२ पैकी केवळ २१ सामने जिंकलेल्या या संघाने त्यांच्या पहिल्याच वर्षी ३८ विजय मिळवले. दुसऱ्या वर्षी ३७ विजय मिळाले, तरीही २००४ मध्ये पद गेले. पुढे सॅक्रामेंटो किंग्जने त्यांना बोलावले. ३३ विजय आणि ४९ पराभवांनंतर २००७ मध्ये तेथूनही निरोप मिळाला.

त्यानंतर ते पुन्हा दुय्यम लीगमध्ये गेले. २०१२ मध्ये तेथे सर्वोत्तम प्रशिक्षकाचा मानही मिळाला. तथापि त्याच वर्षी त्यांनी अॅरिझोना स्टेट विद्यापीठात सहायक प्रशिक्षकाची जागा स्वीकारली आणि दोन वर्षांनी लुइझियाना स्टेट विद्यापीठात तेच काम केले.

महाविद्यालयीन खेळाचा व्यवहारच निराळा आहे. व्यावसायिक सामना ४८ मिनिटांचा, तर येथे ४० मिनिटांचा. तेथे संघासाठी खेळाडू निवडण्याचे काम मुख्यतः व्यवस्थापन करते; येथे प्रशिक्षकाला स्वतः खेळाडूच्या घरी जाऊन आईवडिलांचा विश्वास संपादन करावा लागतो. मार्च महिन्यातील राष्ट्रीय स्पर्धेत एक पराभव झाला की संघ बाद होतो. नावलौकिक असलेल्या माणसालाही हे सारे नव्याने शिकावे लागते.

ती तीन वर्षे वाया गेली नाहीत. २०१५ मध्ये नेवाडा विद्यापीठाने त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. आदल्या हंगामात केवळ ९ सामने जिंकलेल्या या संघाने पहिल्याच वर्षी २४ विजय नोंदवले. इतर विद्यापीठे सोडून आलेल्या खेळाडूंना जवळ करून त्यांनी संघ उभारला. २०१८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत सिनसिनाटीविरुद्ध सुमारे अकरा मिनिटे उरली असताना नेवाडा २२ गुणांनी मागे होता. तो सामना त्यांनी ७५-७३ असा जिंकला. पुढे आर्कान्सा विद्यापीठाला त्यांनी २०२१ आणि २०२२ अशी सलग दोन वर्षे राष्ट्रीय स्पर्धेच्या अखेरच्या आठ संघांत नेले.

यशाचा आलेख चढताच राहिला, असे नाही. २०२३-२४ चा हंगाम १६ विजय आणि १७ पराभवांवर संपला. त्यानंतर ते सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले.

व्यापारात मंदी येते, भागीदारी तुटते, पेढी हातची जाते. अशा वेळी भांडवलाइतकीच कसोटी मानीपणाची लागते. हातातली विद्या शाबूत असेल, तर लहान जागेवर बसून नवा व्यवहार शिकण्यात कमीपणा नाही. घरातील तरुणाने असे पाऊल उचलायचे ठरवले, तर वडीलधाऱ्यांनी त्याला ‘लोक काय म्हणतील’ असे विचारू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.