क्लिक करा, पण विकू नका!
फोन गेटबाहेर, कॅमेरा गळ्यात. ऑगस्टाच्या हिरवळीवर जगातल्या टॉपच्या गोल्फर्सच्या मागे मागे फिरलेला एक प्रॅक्टिस डे...

आधीच सांगून टाकते. या लेखासोबत तुम्हाला माझा एकही फोटो दिसणार नाही. त्या दिवशी मी ६१२ फोटो काढले, त्यातले निदान दहा तरी या पानावर झकास दिसले असते. पण मास्टर्स स्पर्धेचा नियम आहे, प्रॅक्टिसच्या दिवशी प्रेक्षकांनी फोटो काढावेत, खुशाल काढावेत, पण फक्त वैयक्तिक वापरासाठी. छापायचे नाहीत, विकायचे नाहीत. फ्रीलान्सरसाठी याहून मोठी शिक्षा कोणती? मिठाईच्या दुकानात सोडलंय, हवं तेवढं खा, पण घरी एक पेढाही न्यायचा नाही!

तुम्ही म्हणाल, गोल्फचं आणि आपलं काय नातं? खरंय. माझ्यासाठी अनेक वर्षं गोल्फ म्हणजे येरवड्याच्या गोल्फ क्लब चौकातला सिग्नल. स्कूटीवर घामाघूम होऊन थांबायचं, आणि भिंतीपलीकडच्या झाडांकडे बघत म्हणायचं, ‘आत काय करत असतील हे लोक?’ क्रिकेट आपल्या रक्तात आहे, फुटबॉल आपल्या पबमध्ये आहे. गोल्फ भिंतीपलीकडे आहे.

पण २०२५ च्या एप्रिलमध्ये मी अटलांटाला मामेभावाकडे होते. आमचा दादा आयटीवाला, गोल्फचा पक्का किडा. मास्टर्सची प्रॅक्टिस डेची तिकिटं दुकानात मिळत नाहीत, ऑनलाइन अर्ज करायचा आणि लॉटरीची वाट बघायची. दादा दरवर्षी अर्ज भरायचा, दरवर्षी ‘सॉरी’ची मेल यायची. यंदा नंबर लागला. मंगळवार, ८ एप्रिल. शंभर डॉलरचं एक, म्हणजे साधारण साडेआठ हजार रुपयांचं एक, अशी दोन तिकिटं. वहिनीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, ‘दिवसभर उन्हात चालायचं आणि टाळ्यासुद्धा हळू वाजवायच्या? मी नाही येणार बाई.’ वहिनी, थँक यू!

नशीब बघा, आदल्या दिवशी, सोमवारी, वादळी पावसाने प्रॅक्टिस थांबवावी लागली होती. सोमवारचं तिकीट असतं तर हा लेख छत्रीवर लिहावा लागला असता.

फोन बंद नाही, फोन नाहीच!

अटलांटाहून ऑगस्टा सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. पहाटे चारला निघालो. गाडी पार्क केली आणि दादाने दोघांचे फोन डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवले. कारण आत फोन नेणं पूर्ण मना. सायलेंटवर ठेवतो वगैरे चालत नाही. कुणाला निरोप द्यायचाच असेल तर आत फुकट वापरायला टेलिफोन ठेवलेत, वायरवाले, अगदी आपल्या जुन्या पीसीओसारखे. दादा वहिनीला फोन करायला गेला आणि तिथे उभं राहून त्याला साक्षात्कार झाला, की बायकोचा नंबर आपल्याला पाठच नाही. मग सासऱ्यांच्या लॅंडलाइनवर फोन गेला. असो.

कॅमेरा मात्र सोमवार ते बुधवार चालतो. गुरुवारी खरी स्पर्धा सुरू झाली की प्रेक्षकांचे कॅमेरेही बाहेर. म्हणजे आपल्यासारख्यांना या मैदानावर गोल्फर टिपायचे असतील तर हे तीनच दिवस. हे प्रॅक्टिसचे दिवस असतात, म्हणून तर जास्त मजा. मॅचच्या दिवशी प्लेयर भिंत होऊन फिरतो. प्रॅक्टिसला तो माणूस असतो. हसतो, कॅडीशी वाद घालतो, शॉट चुकला तर खिशातून दुसरा बॉल काढून पुन्हा मारतो.

आत शिरल्यावर पहिला धक्का बसतो तो चढउतारांचा. टीव्हीवर हे मैदान कॅरमबोर्डसारखं सपाट दिसतं. प्रत्यक्षात दहाव्या होलला टीवरून ग्रीनकडे जाताना जमीन सुमारे शंभर फूट खाली उतरते. सिंहगड नाही, पण लेन्स, पाणी आणि सॅंडविच घेऊन उतरताना गुडघ्यांना कळतं. आणि पळायचं नाही हां! पळणं इथे नियमात बसत नाही. त्यामुळे आवडता प्लेयर पुढच्या होलला निघाला की शेकडो मोठी माणसं शाळेच्या रांगेतून सटकणाऱ्या पोरांसारखी ती चमत्कारिक फास्ट चाल चालतात. माझे काही सगळ्यात भारी फोटो या चालणाऱ्यांचे आहेत.

सॅंडविचचा उल्लेख आलाच आहे तर, पिमेंटो चीज सॅंडविच दीड डॉलरला. जगातल्या सगळ्यात मिजासखोर क्लबांपैकी एकात वडापाव छाप दर! चव? चीज, मेयोनीज आणि गोडसर लाल मिरची. मला ठीक वाटलं. दादाने तीन खाल्ली.

आधी ‘ठक’, मग ‘क्लिक’

आता फोटोग्राफीचा फंडा. गोल्फमध्ये सगळ्यात महत्त्वाचा नियम एकच. बॉलला क्लब लागेपर्यंत शटरचा आवाज करायचा नाही. ‘ठक’ ऐकू आलं की मग ‘क्लिक’. हा नुसता शिष्टाचार नाही. २००२ च्या स्किन्स गेममध्ये टायगर वूड्सच्या ऐन स्विंगमध्ये कुणीतरी क्लिक केलं, तेव्हा त्याचा कॅडी स्टीव्ह विल्यम्सने तो कॅमेरा काढून घेतला आणि सरळ तळ्यात फेकला. मी ही गोष्ट आदल्या रात्री वाचली आणि पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन बांधला.

पण मग टिपायचं काय? बॉल आणि क्लब एकमेकांना चिकटून असतात तो वेळ असतो सेकंदाचा साधारण दोन हजारावा भाग. प्रोफेशनल गोल्फरच्या ड्रायव्हरवरून बॉल ताशी २७० किलोमीटरच्या आसपास सुटतो. तो क्षण पकडणं म्हणजे निव्वळ लॉटरी, आणि आमची लॉटरी तिकिटांमध्येच संपली होती. शिवाय मला वाटतं, तो फोटो तितका इंटरेस्टिंग नसतोच. खरी गंमत त्यानंतरच्या दोन सेकंदांत. बॉल हवेत, क्लब खांद्यामागे, शरीर पीळ घातलेल्या दोरीसारखं आणि चेहरा... त्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असतं. शॉट परफेक्ट गेला की बहुतेक जण काहीच करत नाहीत, टी उचलतात आणि चालू लागतात. चुकला तर एक हात क्लबवरून सुटतो, भुवया वर जातात. सकाळी अकरापर्यंत मी बॉलकडे बघणं सोडून दिलं होतं. खेळाडूंचे खांदे बघूनच कळायचं.

दादाकडे एक छोटा कॅमेरा होता, सायलेंट मोडवाला. त्याला वाटलं, आवाजच नाही म्हणजे स्विंग चालू असताना बिनधास्त काढू. काढले. संध्याकाळी बघतो तर प्रत्येक फोटोत क्लबची दांडी केळ्यासारखी वाकलेली! आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर बऱ्याच कॅमेऱ्यांत चित्र एकदम न घेता ओळीओळीने वाचतं. तेवढ्या वेळात क्लब पुढे गेलेला असतो, म्हणून सरळ दांडी वाकडी दिसते. महागड्या स्पोर्ट्स कॅमेऱ्यांत हा प्रॉब्लेम जवळपास सुटलाय. दादाच्या कॅमेऱ्यात नाही. त्याने ते फोटो ‘मॉडर्न आर्ट’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेत.

फोटोंसाठी सगळ्यात हिट जागा म्हणजे सोळावं होल. समोर तळं, पलीकडे ग्रीन. प्लेयरने एक शॉट नीट मारला की गर्दी ओरडायला लागते, ‘स्किप! स्किप!’ मग तो तळ्याच्या काठाशी येतो आणि बॉल मुद्दाम पाण्यावरून टप्पे घेत ग्रीनवर पोचवायचा प्रयत्न करतो. थोडक्यात, भाकऱ्या! लहानपणी विहिरीत, नदीत आपण चपटा दगड घेऊन खेळायचो त्याच. २००९ मध्ये विजय सिंगने असा पाण्यावर उड्या मारत गेलेला बॉल थेट होलमध्ये घातला होता. तोच विजय सिंग, फिजीचा, भारतीय मुळांचा, २००० सालचा मास्टर्स विजेता. मी बसले होते तेवढ्या वेळात होलमध्ये कुणाचा गेला नाही, पण एका फ्रेममध्ये पाण्यावर चार गोल तरंग ओळीने आणि पाचव्याच्या वर बॉल अधांतरी, असं सापडलं. बघा, हाच तो फोटो, जो विकता येत नाही.

पांढऱ्या ओव्हरऑलमधली माणसं

दुपारनंतर माझी लेन्स आपोआप कॅडींकडे वळली. ऑगस्टामध्ये कॅडी पांढरे शुभ्र ओव्हरऑल घालतात, पाठीवर प्लेयरचं आडनाव. उन्हात ते पांढरं कापड आणि मागे गडद हिरवळ, एक्स्पोजरची परीक्षा! पण हा पोशाख नुसता सुंदर नाही, त्याला इतिहास आहे आणि तो फारसा सुंदर नाही. १९८२ पर्यंत इथे प्लेयरने क्लबचाच कॅडी घ्यायचा असा नियम होता आणि ते सगळे कॅडी कृष्णवर्णीय, ऑगस्टाच्याच वस्त्यांमधले. १९८३ पासून खेळाडूंना आपापले कॅडी आणायची मुभा मिळाली आणि त्या माणसांची कामं गेली. याच मैदानावर पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, ली एल्डर, खेळला तो १९७५ मध्ये. क्लबने पहिला कृष्णवर्णीय सदस्य घेतला १९९० मध्ये, आणि पहिल्या महिला सदस्य २०१२ मध्ये. हो, दोन हजार बारा!

या मैदानावरचा मला सगळ्यात आवडणारा फोटो १९९५ चा आहे. बेन क्रेनशॉने शेवटचा पट घातला आणि तो कमरेत वाकून रडायला लागला. त्याच आठवड्यात त्याचे गुरू हार्वी पेनिक गेले होते. त्याच्यावर वाकून, त्याला हातांनी सावरणारा उंच माणूस म्हणजे त्याचा कॅडी कार्ल जॅक्सन, ऑगस्टाचाच, १९६१ पासून मास्टर्समध्ये बॅग उचलणारा. त्या फोटोत बॉल नाही, स्विंग नाही. मी अठराव्या ग्रीनच्या कडेला उभी राहून तो अॅंगल शोधला. नंतर बराच वेळ कॅमेरा खालीच ठेवला.

दोन ग्लोव्ह्ज आणि एक कव्हर

मला मनापासून हवा होता तो फोटो मात्र एका वेगळ्याच माणसाचा होता. त्या वर्षी मैदानात भारतीय वंशाचे तिघे होते. साहिथ थीगाला, अक्षय भाटिया (कॉलेज न करता सतराव्या वर्षी प्रोफेशनल झालेला डावखुरा) आणि इंग्लंडचा आरन राय. गोल्फर सहसा एकाच हातात ग्लोव्ह घालतात. राय दोन्ही हातांत घालतो, काळे. आणि त्याच्या प्रत्येक आयर्नला, म्हणजे लोखंडी क्लबला, कव्हर असतं. प्रोफेशनल लोक आयर्नला कव्हर घालत नाहीत, ते नवशिक्यांचं लक्षण समजतात.

रायने यामागचं कारण अनेक मुलाखतींत सांगितलंय. तो वुल्व्हरहॅम्प्टनच्या साध्या घरातला. वडिलांनी ऐपतीबाहेर जाऊन त्याला लहानपणी महागडे क्लब आणून दिले. रोज प्रॅक्टिस झाली की ते प्रत्येक क्लबच्या खाचा टाचणीने साफ करायचे, बेबी ऑइल लावायचे आणि जपायला कव्हर घालायचे. पुढे पैसा आला, २०२४ मध्ये त्याने अमेरिकेतली विंडम चॅम्पियनशिप जिंकली, पण कव्हर्स राहिली. क्लबची किंमत आणि वडिलांचे कष्ट विसरायचे नाहीत, म्हणून.

हे वाचलं तेव्हा मला हसू आलं आणि घशात काहीतरी अडकलंही. कारण आमच्या घरी टीव्हीचा रिमोट आजही प्लास्टिकमध्ये आहे. माझा पहिला सेकंडहॅंड कॅमेरा बाबांनी हप्त्यावर घेऊन दिला, आणि दर रविवारी ते तो मऊ फडक्याने पुसायचे, ‘तू काम कर, मी करतो’ म्हणत. मी मोठी लेन्स घेतली तेव्हा बाबांनी तिला रेक्झिनचं कव्हर शिवून आणलं. टेलरकडून! ते लावून फिरायची मला ऑफिसातल्या मुलांसमोर लाज वाटायची.

दुपारी साडेतीनच्या सुमारास प्रॅक्टिस रेंजवर राय दिसला. गर्दी मोठ्या नावांकडे होती, त्यामुळे दोरीशी जागा सहज मिळाली. शॉट मारायचा, क्लब पुसायचा, कव्हर घालायचं, पुढचा क्लब, कव्हर काढायचं. घाई नाही, दाखवणंही नाही. मी स्विंगचा एकही फोटो काढला नाही. चारशे मिलिमीटरवर फक्त हात. काळे ग्लोव्ह्ज, आणि दोन बोटांत धरलेलं कव्हर, अर्धं चढवलेलं.

त्या रविवारी रोरी मॅकलरॉयने प्लेऑफमध्ये जस्टिन रोजला हरवून मास्टर्स जिंकली, आणि जगभरातल्या फोटोग्राफर्सनी गुडघ्यांवर कोसळलेल्या त्याचे हजारो फोटो विकले. माझ्याकडे मंगळवारचा एक हात होता. नियमाप्रमाणे, वैयक्तिक वापरासाठी. मी तो बाबांना पाठवला, खाली रायची सगळी गोष्ट टाइप करून.

दोन निळ्या टिका आल्या. मग बराच वेळ ‘टायपिंग...’ दिसत राहिलं. शेवटी उत्तर आलं, ‘छान. शिवण बघ किती बारीक आहे. तुझ्या लेन्सचं कव्हर नेलं होतंस ना?’