आरपीजी गेममध्ये टीम कशी निवडायची? समजून घ्या चार जागांचं गणित

फोनवर पहिल्यांदा 'फायनल फँटसी' सुरू केला, तेव्हा टीम निवडायला मी अर्धा मिनिटही घेतला नाही. दोन वॉरियर, एक मंक, एक थीफ. सगळे हाणामारीवाले! पहिला बॉस गार्लंड सहज पडला. मग आली मार्श केव्ह. विष, जखमा, पिशवीतली औषधं संपलेली, आणि गावाकडे परतताना अख्खी टीम गारद. या गेममध्ये सुरुवातीला घेतलेला माणूस नंतर बदलता येत नाही. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून!

देवगिरीचा धडा

चूक नेमकी कुठे झाली, हे मला आपल्या संभाजीनगरजवळच्या देवगिरी किल्ल्यावर कळलं. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने वेढा घातला, तेव्हा तो उभा कडा चढून कोणी किल्ला घेतला नाही. आतली रसद संपली. धान्याची समजून वर नेलेली पोती मिठाची निघाली, अशी गोष्ट सांगतात. रामदेवराय यादवांना तह करावा लागला. माझ्या टीमचंही तेच झालं: ताकद भरपूर, रसद शून्य.

चार जागा, चार कामं

1987 साली आलेल्या या गेममध्ये सहा क्लास आहेत आणि जागा फक्त चार. आता मी अशी टीम घेतो:

- वॉरियर: मार झेलणारा. जड चिलखत हाच घालतो.
- मंक: एकेका शत्रूला लोळवणारा.
- व्हाइट मेज: आपली रसद. 'क्युअर'ने जखमा भरतो, 'डाया'ने भुताखेतांवर वार करतो.
- ब्लॅक मेज: शत्रूंचा घोळका आला की 'फायरा'सारख्या मंत्राने सगळ्यांना एकदम भाजतो.

मग सगळं थोडं थोडं येणारा रेड मेज का नको? सुरुवातीला तो भारी वाटतो, पण पुढे प्रत्येक कामात मागे पडतो. एखादा घ्या, चारही नको.

रांग आणि खिसा

रांगेत पहिला उभा असतो त्याला सगळ्यात जास्त मार बसतो. म्हणून वॉरियर पुढे, दोन्ही मेज मागे. माझ्या एका मित्राने ब्लॅक मेजला पुढे ठेवलं होतं, बिचारा प्रत्येक लढाईत आधी आडवा व्हायचा.

दुसरी गोष्ट पैशांची. इथे मंत्र दुकानातून विकत घ्यावे लागतात. चिलखतं महाग, मंत्रही महाग. मंक मात्र पुढे पुढे नुसत्या हातांनीच छान लढतो, त्याला शस्त्राचा खर्च नाही. वाचलेले पैसे मेजना द्या. बॅलन्स म्हणजे बजेटचाही बॅलन्स.

सोपी परीक्षा

टीम पक्की करण्याआधी एकेकाला मनातल्या मनात काढून बघा. तो गेला तर कोणतं काम अडेल? उत्तर "काहीच नाही" असेल, तर ती जागा वाया गेली. 'गेन्शिन इम्पॅक्ट'मध्येही चौघांचीच टीम असते, तिथेही ही परीक्षा चालते. फक्त तिथे टीम नंतर बदलता येते, इथे नाही.

म्हणून 'सगळ्यात जोरात कोण मारतो?' हे नंतर विचारा. आधी विचारा, 'आपली रसद कोण सांभाळणार?'

तुमच्या टीममध्ये कोण कोण आहे?