डाग क्षयाचाच असेल असं नाही
खोकला दोन-तीन आठवडे हटला नाही आणि एक्स-रेत डाग दिसला, की आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा येतो. ते स्वाभाविकच आहे. पण थुंकीत जंतू सापडलेले नसताना औषधं सुरू झाली आणि महिना-दीड महिन्यात डाग कमी झाला नाही, तर पुढची तपासणी मागायलाच हवी. फुप्फुसाच्या कर्करोगाचे कितीतरी रुग्ण याच वळणावर मोलाचे महिने गमावतात. आयुष्यात कधी विडी न ओढलेल्यांनाही हा आजार होतो.

निदान पक्कं होतं ते बायॉप्सीनं. सुई टोचली की कर्करोग पसरतो, या भीतीपोटी ती टाळू नका. काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपतात. त्याला 'ब्लॉक' म्हणतात. दुसऱ्या रुग्णालयात, समजा परळच्या टाटात, जाताना फाइलीबरोबर ब्लॉक आणि काचपट्ट्याही न्या. त्याच तुकड्यावर ईजीएफआर, एएलके अशा जनुकांची तपासणी होते. ठरावीक बदल सापडला, तर आजार पसरलेला असूनही अनेकांना केमोऐवजी रोजच्या गोळीनं सुरुवात करता येते. या अहवालाला दोन-तीन आठवडे लागू शकतात आणि घरच्यांना तेच दिवस सर्वांत जड जातात. तोवर थांबणं चालेल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.