अरुंद झडप आणि नाडीचे गणित

अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर धावणारी मुले तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. तुम्हीही थोडे धावून या आणि नाडी मोजा. एरवी मिनिटाला ७५ च्या आसपास पडणारे ठोके १२० वर गेलेले आढळतील. निरोगी हृदयाला त्याचे काही वाटत नाही. पण माझ्या वर्गातील एका विद्यार्थिनीला प्रयोगशाळेचा जिना चढतानाच धाप लागे. तिच्या हृदयाची द्विदल झडप अरुंद झाली होती. डॉक्टरांनी प्रथम गोळ्या दिल्या त्या नाडी मंद करण्याच्या. दोष झडपेत आणि औषध नाडीला, असे का?

डाव्या कर्णिकेतून डाव्या जवनिकेत रक्त उतरते ते याच झडपेतून, आणि तेही जवनिका सैल असतानाच. नाडी ७५ असता एक ठोका ०.८ सेकंदाचा असतो: सुमारे ०.३ सेकंद आकुंचन, ०.५ सेकंद प्रसरण. म्हणजे जवनिका भरण्यास मिनिटात ३७.५ सेकंद मिळतात. नाडी १२० झाली की ठोका ०.५ सेकंदाचा होतो. आकुंचनाचा काळ फारसा घटत नाही. तो सुमारे ०.२५ सेकंद धरला, तर भरण्यास मिनिटात ३० सेकंदच उरतात.

नळ कमी वेळ आला आणि हंडे तितकेच भरायचे असले, तर धार मोठी हवी. अरुंद छिद्रातून प्रवाह दुप्पट करण्यास दाबातील फरक चौपट लागतो. येथे प्रवाह सव्वापट, म्हणून दाबातील फरक १.२५ चा वर्ग, म्हणजे सुमारे १.५६ पट! शिवाय श्रमात शरीराला रक्तही जास्त लागते. हा वाढलेला दाब मागे फुप्फुसांत पोचतो आणि धाप लागते.

आता औषधे पाहू. विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली ज्या वनस्पतीचे गुण वर्णिले, त्या डिजिटॅलिसच्या वर्गातील डिजॉक्सिन विश्रांतीत नाडी आवरते. श्रमात ते अपुरे पडते. बीटा-रोधके ॲड्रिनलिनचा परिणाम अडवतात, म्हणून श्रमातही नाडी काबूत राहते. मात्र हृदयाचा जोर कमी होतो आणि दमेकऱ्याला ती बाधू शकतात. ती शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नवी इव्हाब्रॅडिन हृदयाच्या नैसर्गिक गतिकारकावरच काम करते आणि जोर घटवत नाही. भारतातील काही छोट्या चाचण्यांत ती बीटा-रोधकांच्या तोडीची ठरली. पण कर्णिकांचा ताल पूर्ण बिघडला असेल, तर तिचा उपयोग नाही. तेथे पहिली दोन औषधेच कामाची.

झडप रुंद करणे मात्र कोणत्याही गोळीला जमत नाही. त्यासाठी फुग्याची पद्धत किंवा शस्त्रक्रिया लागते. आणि महाधमनीची झडप गळकी असेल, तर हिशेब उलटा: नाडी मंद झाली की गळतीला जास्त वेळ मिळतो! म्हणून शेजाऱ्याची हृदयाची गोळी कधीही घेऊ नका.

आपल्याकडे द्विदल झडप अरुंद होण्याचे मुख्य कारण म्हणजे बालपणीचा संधिज्वर (ऱ्हुमॅटिक फिवर). त्याची सुरुवात होते जंतूंमुळे आलेल्या घसादुखीतून. वेळीच पेनिसिलिन मिळाले तर तो टळतो. तेव्हा ताप येऊन घसा दुखू लागला, तर आईवडिलांना सांगा आणि डॉक्टरांकडे जा. शिक्षकांनीही, जिन्यावर मागे राहणाऱ्या मुलाला आळशी म्हणण्यापूर्वी त्याची नाडी पाहावी.