अत्रे, प्रल्हाद केशव : नाट्य व चित्रपटनिर्मिती

अत्रे, प्रल्हाद केशव : (१३ ऑगस्ट १८९८ – १३ जून १९६९). ‘आचार्य अत्रे’ या नावाने प्रसिद्ध असलेले मराठी नाटककार, विनोदकार, पत्रकार, शिक्षणतज्ञ, वक्ते आणि नाट्य-चित्रपटनिर्माते. त्यांच्या वाङ्मयीन व राजकीय कर्तृत्वाची चर्चा पुष्कळ झालेली आहे. प्रस्तुत नोंदीत त्यांच्या निर्माता या नात्याने झालेल्या वाटचालीचा मुख्यत्वे विचार केला आहे.

जन्म पुणे जिल्ह्यातील सासवडजवळच्या कोढीत या गावी. शिक्षण सासवड व पुणे येथे. पदवी मिळविल्यानंतर त्यांनी शिक्षकी पेशा पतकरला व पुण्याच्या कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणून काम केले. लंडन येथे जाऊन त्यांनी शिक्षणशास्त्राची पदविकाही संपादन केली (१९२८). झेंडूची फुले (१९२५) या विडंबनकाव्यसंग्रहाने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले.

नाट्यपरंपरा : राम गणेश गडकरी यांना अत्रे गुरुस्थानी मानीत. गडकऱ्यांचे गुरू श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे वकिलीच्या व्यवसायानिमित्त बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव (जामोद) येथे दीर्घकाळ राहिले. मुंबई-पुण्याच्या रंगभूमीपासून दूर, वऱ्हाडातील एका तालुक्याच्या गावी बसून कोल्हटकरांनी मराठी विनोदाला व कल्पनारम्य नाटकाला जे वळण लावले, ते गडकऱ्यांच्या द्वारा अत्र्यांपर्यंत पोहोचले. कोल्हटकर व गडकरी यांनी मात्र केवळ नाटककार म्हणून काम केले. प्रयोगाची आर्थिक जबाबदारी नाटक मंडळ्यांवर असे. अत्र्यांनी पुढे ही जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली, हा या परंपरेतील महत्त्वाचा फरक होय.

अत्र्यांनी नाट्यलेखनास प्रारंभ केला, तो काळ व्यावसायिक रंगभूमीच्या पडझडीचा होता. १९३२ मध्ये अयोध्येचा राजा हा मराठी बोलपट प्रदर्शित झाला आणि अल्पावधीतच प्रेक्षक, नट व नाट्यगृहे यांचा ओघ बोलपटाकडे वळला. मोठा नटसंच, भरजरी पोशाख आणि सततचे दौरे यांचा खर्च मंडळ्यांना पेलेनासा झाला. अशा वेळी दामुअण्णा जोशी यांच्या बालमोहन नाटक मंडळीने अत्र्यांचे साष्टांग नमस्कार (१९३३) हे नाटक रंगभूमीवर आणले. निरनिराळ्या छंदांच्या आहारी गेलेल्या माणसांची थट्टा करणाऱ्या या नाटकास मोठे यश लाभले. त्यानंतर घराबाहेर (१९३४), भ्रमाचा भोपळा (१९३५), उद्याचा संसार व लग्नाची बेडी (दोन्ही १९३६), वंदे मातरम् (१९३७) ही नाटके आली. मूळची बालनटांची असलेली ही मंडळी या नाटकांमुळे पडत्या काळात तग धरून राहिली. घराबाहेर व उद्याचा संसार या नाटकांत कुटुंबात कोंडमारा होणाऱ्या स्त्रीचे दुःख गंभीरपणे मांडलेले आहे. विनोदी व गंभीर अशा दोन्ही प्रकृतीची नाटके प्रेक्षक सारख्याच आवडीने पाहतात, हा या काळातील अनुभव अत्र्यांना पुढे निर्माता म्हणून उपयोगी पडला.

चित्रपटक्षेत्रात पदार्पण : कोल्हापूरच्या हंस पिक्चर्स या संस्थेसाठी अत्र्यांनी कथा-पटकथा लिहिल्या. त्यांपैकी धर्मवीर (१९३७) हा चित्रपट इब्सेनच्या नाटकावर आधारलेला होता. ब्रह्मचारी (१९३८) व ब्रँडीची बाटली (१९३९) या मास्टर विनायक दिग्दर्शित चित्रपटांनी मराठीत सामाजिक उपहासाचा बोलपट रूढ केला. पहिल्यात ब्रह्मचर्याच्या पोकळ स्तोमाची, तर दुसऱ्यात दारूबंदीच्या काळातील गमतींची थट्टा आहे. त्यानंतर पुण्याच्या नवयुग चित्रपट संस्थेच्या लपंडाव (१९४०) या चित्रपटाची कथाही त्यांनीच लिहिली. वनमाला या अभिनेत्रीचे रुपेरी पडद्यावरील पदार्पण याच चित्रपटातून झाले. संस्थेच्या चालकांशी झालेल्या मतभेदांनंतर अत्रे स्वतंत्र निर्मितीकडे वळले.

अत्रे पिक्चर्स या स्वतःच्या संस्थेतर्फे त्यांनी पायाची दासी (१९४१) व वसंतसेना (१९४२) हे चित्रपट काढले. दोहोंचे दिग्दर्शन मूळचे अमरावतीचे गजानन जागीरदार यांनी केले. पहिला चित्रपट सुनेच्या छळाचा प्रश्न हाताळणारा असून तो हिंदीतही निघाला. दुसरा मृच्छकटिक या संस्कृत नाटकावर आधारलेला आहे. याच दशकात त्यांनी काही हिंदी चित्रपटांचीही निर्मिती केली. मराठी चित्रपटाचे क्षेत्र भाषेमुळे मर्यादित असल्याने त्या काळातील बहुतेक निर्माते द्वैभाषिक वा हिंदी निर्मितीकडे वळत. अत्रेही त्यास अपवाद नव्हते. तथापि त्यांच्या विनोदाचे व संवादांचे सामर्थ्य मराठी बोलीच्या लकबींत असल्याने ते हिंदीत तितकेसे उतरले नाही. मोरूची मावशी हे ब्रँडन टॉमस यांच्या प्रहसनावरून लिहिलेले नाटक त्यांनी रंगभूमीप्रमाणेच पडद्यावरही आणले (१९४८).

श्यामची आई : साने गुरुजी यांच्या १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकावर अत्र्यांनी श्यामची आई (१९५३) हा चित्रपट काढला. पटकथा, दिग्दर्शन व निर्मिती या तिन्ही बाजू त्यांनी स्वतः सांभाळल्या. आईची भूमिका वनमाला यांनी व श्यामची माधव वझे यांनी केली. संगीत वसंत देसाई यांचे होते. प्रणयकथा, नृत्ये वा उत्कंठावर्धक कथानक यांचा आधार न घेता, कोकणातील एका दरिद्री कुटुंबातील माता व पुत्र यांच्या नात्यावर संपूर्ण चित्रपट उभा करणे, हे व्यापारी दृष्ट्या धाडसच होते. ते यशस्वी झाले. भारत सरकारने राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची योजना सुरू केली, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक याच चित्रपटास लाभले (१९५४). प्रादेशिक भाषेतील चित्रपटासही अखिल भारतीय पातळीवर अग्रमान मिळू शकतो, हे त्यायोगे प्रथमच सिद्ध झाले.

या यशानंतर अत्र्यांनी महात्मा फुले (१९५४) हा चरित्रपट हाती घेतला. त्याचा मुहूर्त डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या हस्ते झाला. प्रारंभी संत गाडगे महाराज यांच्या कीर्तनाचे चित्रण आहे, त्यामुळे त्यास दस्तऐवजाचेही मोल प्राप्त झाले आहे. जोतीराव व सावित्रीबाई यांच्या भूमिका अनुक्रमे बाबूराव पेंढारकर व सुलोचना यांनी केल्या. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून त्यास राष्ट्रपती रौप्यपदक मिळाले. फुले यांच्या कार्याविषयी सुशिक्षित वर्गात उदासीनता असतानाच्या काळात हा विषय निवडला गेला, हे लक्षणीय आहे.

उत्तरकाल : १९५६ मध्ये अत्र्यांनी मराठा हे दैनिक सुरू केले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत स्वतःस झोकून दिले, चित्रपटनिर्मिती स्वाभाविकपणेच मागे पडली. रंगभूमीशी असलेला संबंध मात्र टिकला. माधव काझी या भामट्यावरील गाजलेल्या खटल्यावरून त्यांनी लिहिलेले तो मी नव्हेच हे नाटक ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्ली येथे प्रथम सादर झाले. मो. ग. रांगणेकर यांच्या नाट्यनिकेतनने ते फिरत्या रंगमंचावर उभे केले. न्यायालयातील साक्ष व तिच्यातून उलगडणारा पूर्वप्रसंग यांची अदलाबदल पडदा न पाडता होऊ शकल्याने प्रयोगास विलक्षण गती आली. लखोबा लोखंडे व त्याची विविध रूपे रंगविणाऱ्या प्रभाकर पणशीकर यांच्यामुळे हे नाटक दीर्घकाळ गाजत राहिले.

मूल्यमापन : अत्र्यांच्या निर्मितीत सर्वत्र सारखी सफाई आढळत नाही. संवादांवरील भर, पात्रांच्या तोंडी येणारी भाषणे आणि प्रसंगांचे नाटकी विणकाम यांमुळे त्यांचे चित्रपट अनेकदा रंगभूमीच्या जवळ राहतात. कॅमेऱ्याच्या भाषेपेक्षा शब्दावर त्यांचा विश्वास अधिक होता. पत्रकारिता, राजकारण व लेखन यांत शक्ती विभागली गेल्याने त्यांच्या निर्मितीसंस्थेस प्रभात फिल्म कंपनीसारखे स्थैर्यही लाभले नाही. परंतु लेखकाने आपल्या कल्पनेसाठी आर्थिक जोखीम स्वतः पतकरावी, हा त्यांचा आदर्श महत्त्वाचा आहे. इतर निर्मात्यांनी श्यामची आई व महात्मा फुले हे विषय त्या काळी स्वीकारले असते, असे म्हणता येत नाही.

त्यांच्या नाटकांचे पुनरुज्जीवन पुढेही होत राहिले. मोरूची मावशी हे नाटक १९८५ मध्ये ‘सुयोग’ या संस्थेने पुन्हा रंगभूमीवर आणले व त्यातील विजय चव्हाण यांची भूमिका लोकप्रिय झाली. २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी श्यामची आई नव्याने चित्रित केला. कल्याण येथील नाट्यगृहास अत्रे यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांचे निधन मुंबई येथे झाले.